बाह्या चार, कडी एक

लहान कुत्र्यांच्या कपड्यांत हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. स्वेटर असो, जॅकेट असो की लग्नसराईतली चंदेरी शेरवानी असो, पाठीवर बरोबर मध्यभागी एक चकचकीत कडी असते. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची, म्हणून बाजारात तिला डी-रिंगच म्हणतात. बोटाच्या पेराएवढ्या कापडी पट्टीत ती अडकवलेली असते आणि ती पट्टी स्वेटरच्या शिवणीत दोन टिपांनी कशीबशी पकडलेली असते. मालक खूश होतो. आता गळ्यात पट्टा नको, हार्नेस नको, कपडा चढवला की साखळी अडकवायची आणि निघायचं! कपडा बनवणाऱ्याच्या लेखी मात्र ती कडी आणि टी-शर्टाच्या छातीवरची मगर यांत फारसा फरक नसतो. दोन्ही शोभेच्या. मगर निदान कुत्र्याला धरून ठेवण्याचा आव आणत नाही.

ही कडी लोकांना हवीशी का वाटते, हे कळायला हिवाळ्यातली सकाळची तयारी पाहावी. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. १७ जानेवारी १९३५ रोजी तो १.७ पर्यंत गेला होता, आणि जणू ती परवाचीच गोष्ट असल्यासारखे पुणेकर दिवाळी संपली की कानटोप्या काढतात. घरातल्या माणसांच्या कानटोप्या झाल्या की नजर कुत्र्याकडे वळते. आधी हार्नेस, म्हणजे छातीवरून आणि पुढच्या पायांमागून जाणारा पट्ट्यांचा साज. त्यावर स्वेटर. स्वेटर घालून झाल्यावर लक्षात येतं की साखळी अडकवायची कडी आत गडप झाली. मग मानेकडून हात घालून पाठीवर चाचपडायचं. कुत्र्याला वाटतं पाठ खाजवताहेत, तो आनंदानं आडवा होतो. क्रम उलटा केला, स्वेटर आत आणि हार्नेस वर, तर पट्ट्यांखाली लोकर गोळा होते, काखेत वळ्या पडतात आणि कुत्रा तीन पायांवर चालू लागतो. अशा वेळी स्वेटरलाच कडी असती तर काय बहार झाली असती, हे कोणालाही वाटेल.

स्वेटरची गरज किती जणांना असते हा प्रश्न वेगळा. भारतात ज्याला सर्रास पामेरियन म्हणतात तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीनं त्याला घराघरांत पोचवलं. त्याच्या अंगावर आखूड मऊ केसांचा एक आणि लांब केसांचा दुसरा, असे दोन थर जन्मजात असतात. देवानं दिलेल्या दोन कोटांवर माणसानं शिवलेला तिसरा! पगला २००३ च्या हचच्या जाहिरातीनं लोकप्रिय केलं. त्याचे केस आखूड खरे, पण नाक बसकं असल्यानं त्याला थंडीपेक्षा उकाडाच जास्त जाचतो. खरी हुडहुडी भरते ती चिवावासारख्या चिमुकल्या, आखूड केसांच्या कुत्र्यांना. शरीर जितकं लहान, तितकं वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ जास्त, आणि तितकी ऊब लवकर निघून जाते. तरी चिवावाच्या अंगात स्वेटर आणि स्पिट्झच्या अंगात काहीच नाही, असं दृश्य विरळाच. हौसेला मोल नाही, आणि तापमापकही नाही.

मग साधा गळपट्टा काय वाईट? इथे पशुवैद्य गंभीर होतात. कुत्र्याच्या श्वासनलिकेत निसर्गानंच कड्या बसवल्या आहेत: कूर्चेच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या, एका बाजूनं उघड्या. यॉर्कशायर टेरिअर, पामेरियन, चिवावा, टॉय पूडल अशा खेळण्याएवढ्या जातींत या कड्या मऊ पडून चपट्या होण्याचा विकार बऱ्याचदा आढळतो. मग कुत्रा खोकला की घरात बदक शिरल्याचा भास होतो. अशा गळ्याला साखळीचा हिसका बसू नये म्हणून ओढ छातीवर घ्यावी, हार्नेस वापरावा, असा सल्ला दिला जातो. थोडक्यात, आतल्या सीला जपायचं तर बाहेरचा डी पाठीवर हवा. इथवर सगळं बरोबर आहे. घोळ होतो तो डी नेमका कशाला शिवायचा यावरून.

‘फॉल-पिको करून मिळेल, चेन बदलून मिळेल’ अशी पाटी असलेल्या पेठेतल्या एखाद्या दुकानात हा विषय कसा रंगतो ते ऐकण्यासारखं असतं.

“मास्तर, स्वेटरला एक कडी लावून द्यायचीय.”

“माप आणलंय का ताई?”

“मापालाच घेऊन आलेय.” काकू पिशवीतून पाच किलोंचा पांढराशुभ्र स्पिट्झ काढून काउंटरवर ठेवतात. मास्तर गळ्यातली टेप काढतात, कुत्रा तिचं दुसरं टोक तोंडात धरतो.

“छाती?”

“अठरा.”

“बाह्या?”

“चार.”

“मागच्या दोन पायांत जाते ती पँट, ताई. कडी कशाला? शो म्हणून?”

“छे हो, साखळी अडकवायला.”

मास्तर स्वेटर दोन्ही हातांनी ताणून बघतात. लोकर वीतभर लांबते, आणि मास्तरांचा चेहराही. त्यांनी जन्मभर माणसांचे कपडे शिवले आहेत. पण पाठीमागून धरून खेचल्यावर शर्टाचं काय होतं, हे त्यांना गणपतीत आणि निवडणुकीत रफूला येणाऱ्या शर्टांवरून चांगलं ठाऊक आहे. “लावून देतो,” ते म्हणतात, “पण मांजर दिसेपर्यंतचीच गॅरंटी.”

मास्तरांचा हा अंदाज आकड्यांतही मांडता येतो. पाच किलोंचा कुत्रा मांजरामागे सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी अकराएक किलोमीटर वेगानं सुटला, साखळी संपली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात तो जागच्या जागी थांबला, तर कडीवर सुमारे १५० न्यूटनचा हिसका बसतो. म्हणजे पंधरा किलोंचा भार, कुत्र्याच्या वजनाच्या तिप्पट. हा भार पेलायला असतात दोन टिपा आणि त्यांच्याखाली विणलेलं कापड. विणलेल्या कापडाचा धर्मच ताणण्याचा; म्हणून तर ते अंगाला बसतं. त्यात एकात एक अडकलेले फास असतात, आणि एक फास तुटला की शेजारचे आपणहून सुटू लागतात. कडी तुटत नाही, टीपही तुटत नाही. टिपेच्या आजूबाजूचा स्वेटर मात्र टिपेला सोडून जातो. मालकाच्या हातात साखळी, साखळीला कडी, कडीला रुपयाएवढा लोकरीचा तुकडा. बाकीचा स्वेटर मांजरामागे.

तुटण्यापेक्षा निसटण्याचा धोका मोठा, आणि तो जास्त अपमानकारक. लहान कुत्र्याला चालायचं नसलं की तो पुढचे पाय रोवतो, मान खाली घालतो आणि रिव्हर्स गिअर टाकतो. मालक पुढे ओढतो. पाठीवरच्या कडीमुळे ओढ नेमकी गळ्याच्या दिशेनं जाते, आणि लहान मुलाच्या डोक्यावरून बनियन काढावं तसा स्वेटर कुत्र्याच्या डोक्यावरून उलटा होऊन बाहेर येतो. भर कर्वे रस्त्यावर साखळीच्या टोकाला रिकामा स्वेटर लोंबतोय आणि समोर एक मोकळा स्पिट्झ रिक्षांच्या गर्दीत आपला नवा जन्म साजरा करतोय, अशा वेळी “ये रे बाळा, थंडी वाजेल” या हाकेचा काही उपयोग होत नाही. थंडी हा त्याचा प्रश्न कधी नव्हताच.

कुत्र्याचे कपडे आणि त्यांना जोडलेल्या साखळ्या यांचा सगळ्यात गांभीर्यानं विचार कोणी केला असेल तर तो सोव्हिएत शास्त्रज्ञांनी. १९५० च्या दशकात रॉकेटमधून पाठवायला त्यांनी मॉस्कोच्या रस्त्यांवरची मोकाट कुत्री निवडली. कारण सरळ होतं: रशियाचा हिवाळा उघड्यावर काढलेली कुत्री काहीही सोसतील. वजन सहा-सात किलोंच्या आसपास हवं. पुढे पृथ्वीभोवती फिरायला पाठवलेल्या तर बहुतेक माद्याच असत, कारण मलमूत्र गोळा करायचं उपकरण माद्यांना बसेल असं बेतलेलं होतं. (अवकाशयुगाच्या इतिहासातलं हे वाक्य शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही.) त्यांना अंगासरसे कपडे आणि साज चढवून साखळ्यांनी जखडलेलं असे. उठता-बसता येई, पण मागे वळता येत नसे. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी स्पुटनिक-२ मधून गेलेल्या लायकाला परत आणायची सोयच त्या यानात नव्हती. तिची गोष्ट विनोदी लेखात बसत नाही. १९ ऑगस्ट १९६० रोजी गेलेल्या बेल्का आणि स्त्रेल्का मात्र दुसऱ्या दिवशी सुखरूप खाली उतरल्या. एकीची बंडी लाल, दुसरीची हिरवी. पुढे स्त्रेल्काला सहा पिल्लं झाली आणि त्यांतली पुशिंका ख्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये केनेडी कुटुंबाला भेट दिली. शीतयुद्धात दोन्ही बाजूंना आवडलेल्या मोजक्या गोष्टींत तिची गणना करायला हरकत नाही.

इतकं सगळं करूनही कुत्रा तो कुत्राच. १९५१ मध्ये रॉकेट उडायच्या तोंडावर एक कुत्रा पसार झाला. शास्त्रज्ञांनी तिथल्याच उपाहारगृहापाशी घुटमळणारं एक कुत्रं पकडलं आणि त्याला आत बसवलं. प्रशिक्षण शून्य. ते वर गेलं आणि धडधाकट खालीही आलं. त्याचं नाव ठेवलं झिब, म्हणजे ‘गायब झालेल्या बोबिकच्या जागी’ अशा अर्थाच्या रशियन शब्दांची आद्याक्षरं. सरकारी कागदपत्रांत बदली कर्मचाऱ्याची नोंद याहून काटेकोर कुठेच झाली नसेल. महासत्तेच्या हातून ऐन वेळी कुत्रा निसटतो, तिथे कोथरूडच्या काकांनी फार मनाला लावून घेऊ नये.

तरीही कडी लावायचीच असेल तर आधी चांगली कडी हवी. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास बॅगांचं सामान विकणाऱ्या दुकानांत त्या डब्या भरभरून असतात: अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची. हे माप डीच्या सरळ बाजूचं, आतून. तेवढ्याच रुंदीचा पट्टा तिच्यातून नीट जातो.

“कशाला पाहिजे? लेडीज पर्सला?”

“कुत्र्याला.”

“केवढा आहे?”

“पर्सएवढाच.”

कडी हातात घेऊन तिची सरळ बाजू उजेडात फिरवून पाहावी. साधी कडी म्हणजे वाकवलेली तार. तिची दोन टोकं नुसती समोरासमोर टेकवलेली असतात आणि मधल्या फटीत नखाची कड सहज शिरते. वर निकेलचा झकास मुलामा असतो, त्यामुळे लांबून ती अखंड भासते. दोन-चार हिसके बसले की फट रुंदावते आणि एके दिवशी पट्टा त्या फटीतून गुपचूप बाहेर पडतो. वेल्डिंग केलेल्या कडीत ही फट नसते; जोडाच्या जागी बोटाला एक बारीक उंचवटा तेवढा लागतो. किमतीत फरक किरकोळ, पण स्वेटरवर आठशे रुपये घातलेला माणूस कडीच्या वेळी नेमका काटकसरीला लागतो.

याची उलट बाजूही पाहायला मिळते. भक्कम हवी म्हणून कोणी जाडजूड पितळी कडी आणतं. चिवावा अमेरिकन मानकाप्रमाणे सहा पौंडांच्या, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आतला प्राणी. त्याच्या पाठीवर एक इंची पितळी कडी आणि तिला लॅब्राडोरच्या साखळीचा हूक, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. स्वेटर एका कुशीवर कलंडतो, कडी घसरून पोटाखाली जाते, साखळी दोन पायांच्या मधून बाहेर येते आणि कुत्रा मधोमध बसकण मारतो. ‘आमच्या ब्रूनोला फिरायला आवडतच नाही,’ असं सांगणाऱ्यांनी एकदा त्याच्या कडीचं वजन करून पाहावं.

शिवणीचं खरं तंत्र शिकायचं तर घरातल्या मुलांची दप्तरं पाहावीत. खांद्याचा पट्टा जिथे दप्तराला मिळतो, तिथे शिलाईचा एक चौकोन आणि त्यात फुली दिसते. ती नक्षी नव्हे. भार एकाच टिपेवर न येता चौकोनाच्या चारही बाजूंना आणि फुलीच्या दोन रेघांना वाटून जातो. कुत्र्याच्या कपड्यालाही हेच लागतं, आणि मुख्य म्हणजे त्या चौकोनाखाली लोकर किंवा होजिअरी नव्हे, पट्टा हवा. नायलॉनचा नाहीतर जाड सुती निवारीसारखा पट्टा छातीभोवती आणि पोटाभोवती पूर्ण फिरवून आणायचा, कडी त्यात ओवायची, पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं चौकोन-फुली मारायची. कापड त्या पट्ट्यांवर नुसतं पांघरायचं. हे काम ब्लाऊजवाल्या मास्तरांपेक्षा बॅगा दुरुस्त करणारा कारागीर जास्त सफाईनं करतो, कारण त्याच्या मशीनची सुई जाड असते आणि ‘फिटिंग कसं दिसेल’ हा प्रश्न तो विचारत नाही. इतकं सगळं केलं की जे तयार होतं त्याला खरं तर हार्नेस म्हणतात. त्याला कापड शिवलंय इतकंच.

पावसाळ्यात आणखी गंमत. रेनकोटच्या पाठीवर कडी शिवली की सुईची जितकी भोकं तितके नळ. चौकोन-फुली मारली तर सबंध शॉवर. पाणी नेमकं पाठीच्या कण्यावर ठिबकतं आणि घरी आल्यावर कुत्रा बाहेरून कोरडा, आतून चिंब निघतो. पोटाखाली रेनकोट बंद करायला वेल्क्रो असतो. या वेल्क्रोचं श्रेय अर्धं तरी कुत्र्याला जातं: स्विस अभियंता जॉर्ज द मेस्ट्रल १९४१ मध्ये कुत्र्याला घेऊन फिरून आला, तेव्हा त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना रानातली काटेरी फळं चिकटली होती. ती त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली, बारीक आकडे पाहिले, आणि १९५५ मध्ये पेटंट मिळवलं. आज त्याच आकड्यांत स्पिट्झचे केस इतके गच्च भरतात की महिनाभरात वेल्क्रोला वेल्क्रो चिकटत नाही. कुत्र्याच्या केसांवरून सुचलेली वस्तू कुत्र्याच्या केसांनीच निकामी व्हावी, यात काव्यात्म न्याय असेलही, पण लक्ष्मी रोडवर भर पावसात रेनकोट फडफडत असताना तो जाणवत नाही.

या सगळ्या खटाटोपावरचा उपाय सुचतो तो बहुधा काजवाल्याला. ‘काज-बटण करून मिळेल’ एवढीच पाटी लावून जिन्याखाली बसलेल्या त्या गृहस्थाकडे कोणीतरी चुकून स्वेटर नेतं आणि कडी लावायला सांगतं. तो विचारतो, “आतल्या पट्ट्याला कडी आहे ना? मग ती बाहेर काढा.” पाठीवर खांद्यांच्या किंचित मागे तो खडूनं एक रेघ ओढतो, मागून बक्रमचा तुकडा लावतो, मशीनखाली धरून खट्‌खट् करत दीड इंची काज पाडतो. मोल काही रुपये. हार्नेस आत, स्वेटर वर, आणि हार्नेसची कडी काजातून बाहेर. ओढ पट्ट्यांवर, ऊब स्वेटरची, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रेनकोटला हेच काज वरून झाकणपट्टी लावून केलं की पाणी आत जात नाही. ज्या देशांत कुत्र्याचा कोट हौस नसून गरज आहे, तिथले अनेक कोट असेच असतात: पाठीवर फट, फटीवर झाकण. कडी शोधण्यात आठवडे घालवलेल्या मालकाला मात्र हे उत्तर पचायला जड जातं. इतक्या दगदगीनंतर हाती आलं ते एक भोक!

टोरांटोतल्या मराठी घरांत हा प्रश्न दरवर्षी नव्यानं सुटतो. जानेवारीत तिथला पारा शून्याच्या पुष्कळ खाली असतो, लेक-जावयाकडे नातवंडाच्या जागी एक शिट्झू असतो, आणि पुण्याहून गेलेल्या आजींच्या बॅगेत दोन सुया आणि लोकरीचे गुंडे असतात. आजींना हार्नेस म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं, पण काज म्हणजे काय हे नाही. पाठीच्या मध्यावर आल्या की त्या चार टाके बंद करतात, पुढच्या ओळीत तेवढेच टाके पुन्हा घालतात आणि सुलट-उलट पुढे चालू ठेवतात. भोक विणतानाच तयार. कडी त्यातून अलगद वर येते, साखळी लागते, कुत्रा बर्फात खाली उतरतो. अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये शेजारी चौकशी करतात, आणि आजींचा सहा महिन्यांचा मुक्काम संपायच्या आत दोन ऑर्डरी येऊन पडतात. मापं व्हॉट्सॲपवर. त्यातला एक डॅशहाउंड निघतो. त्याच्या लांबीचा आकडा वाचून आजी चष्मा पुसतात, जावयाला आणखी दोन गुंडे आणायला पिटाळतात, आणि काज कुठे घ्यायचं ते नक्की ठरवता यावं म्हणून मालकिणीला कुत्र्याचा बाजूनं फोटो काढून पाठवायला सांगतात. फोन आडवा धरून.